पंधरावा फॉर्म

पाकीट आलं त्या दिवशी समोरच्या मेपलची एक बाजू लाल झाली होती आणि दुसरी अजून हिरवीच होती. ऑक्टोबरात इथे अमेरिकेत झाडं अशी अर्धी अर्धी पेटतात. शेजारचा माणूस कानांवर मोठे गोळे लावून पानं उडवायचं यंत्र फिरवत होता. त्याच्या हिरवळीवर उमेदवाराची पाटी खोचलेली, पायरीवर दोन भोपळे. मी टपालपेटीचं दार उघडलं. दुकानांची रंगीत पत्रकं होती, दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र होतं, आणि त्यांच्यामध्ये ते पांढरं, लांबट, जाड पाकीट. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीचं. माझी मतपत्रिका.

हिने ते ओट्यावर फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलं. आज नववा दिवस. जुनी केळी संपली, नवी आली, पाकीट तिथेच आहे.

"अहो, भरून टाका की एकदाचं. सगळ्यांना तर सांगत सुटता, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका म्हणून."

"बघतो."

"काय बघताय? त्याला पाय फुटून ते स्वतः जाणार आहे का?"

हिला काय सांगणार? ते पाकीट हातात घेतो आणि पुन्हा टोपलीला टेकवून ठेवतो. कागदाचा, गोंदाचा तो कोरा वास नाकात शिरला की चार वर्षांपूर्वीचा पानगळीचा मोसम जसाच्या तसा समोर येतो, आणि त्यातली एक दुपार. त्या दुपारी मी दोन शब्द बोललो. ते मी परवापर्यंत कुणालाही सांगितले नव्हते. काल सांगितले. आता लिहूनही ठेवतो, म्हणजे पुढेमागे माझंच मन त्यात सोयीचे फेरफार करायला नको.

सातारा जिल्ह्यातल्या शाळांत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली. निवडणुका किती केल्या त्याची मोजदाद नाही. आम्हा शिक्षकांसाठी निवडणूक हा पावसाळा-हिवाळ्यासारखा एक ऋतूच होता. लाखेचा वास, पत्र्याच्या पेट्या, बोटाला लावायच्या शाईची ती निळी-काळी बाटली. पण त्याच्याही आधी यायचं ते मतदार याद्यांचं काम. घरोघर हिंडून नावं नोंदवायची. म्हातारी चुलीपुढून ओरडून नाव सांगणार, वय विचारलं की "मोठ्या पुरात मी एवढी होते" म्हणून हात दाखवणार. फॉर्म आम्ही भरायचा, सही किंवा अंगठा त्यांचा.

या कामाची आमची एक रीत होती. रविवारी दुपारी जेवण झालं की गठ्ठा घेऊन बसायचं आणि सगळ्यांना समान असलेले रकाने आधीच भरून टाकायचे. गाव तेच, तालुका तोच, जिल्हा तोच. भारताचे नागरिक? होय. होय. होय. शंभर फॉर्मांवर शंभर वेळा होय. मग दारात उभं राहून फक्त नाव, वय आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. काम झपाझप व्हायचं. त्या रकान्यात कधी 'नाही' येऊ शकेल, हे एकतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

माणसं अमेरिकेला येताना लोणच्याच्या बरण्या आणतात, देव आणतात. मी ही रीत घेऊन आलो.

२००४ साल. वेस्ट विंडसरला येऊन मला सात वर्षं झाली होती आणि आदल्याच वर्षी हात वर करून शपथ घेऊन मी इथला नागरिक झालो होतो. आम्हा म्हाताऱ्यांचा दर मंगळवारी गावच्या सभागृहात कट्टा भरायचा. कॅरम, चहा, गुडघे, सुना. त्या ऑक्टोबरात मी कट्ट्यावर जाहीर केलं, की यंदा आपल्यापैकी एकही नागरिक यादीबाहेर राहता कामा नये. ग्रंथालयात एका टेबलाशी नोंदणीचे फॉर्म घेऊन एक वयस्क बाई बसायच्या, केस कापसासारखे, चष्म्याला मण्यांची दोरी. त्यांच्याकडून मी पंधरा फॉर्म मागून घेतले. नावं चौदाच होती, पण एखादा खराब झाला तर असावा म्हणून एक जास्तीचा. बाईंनी गठ्ठा माझ्या हातात देताना पहिल्या प्रश्नावर पेन्सिल टेकवली.

"ओन्ली सिटिझन्स, ओके?"

"ऑफ कोर्स," मी म्हटलं. मला जरा रागच आला होता. आयुष्यभर निवडणुका केलेल्या माणसाला ही शिकवतेय.

रविवारी दुपारी मी गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. राज्य, काउंटी, गाव. आणि सर्वांत वरती, नागरिक आहात का? होय. पंधरा फॉर्मांवर पंधरा वेळा. निळ्या शाईने. खिडकीतून स्टेशनकडच्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता, ओव्हनमध्ये सुनेने काहीतरी दालचिनीचं ठेवलं होतं. किती बरं वाटत होतं मला त्या दुपारी! निवृत्तीनंतर पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटत होतं.

आता गजभियेंबद्दल सांगायला हवं.

मनोहर गजभिये नागपूरचे. टपाल खात्यात आयुष्य गेलेलं, तेही टपालगाडीच्या डब्यात उभं राहून पत्रांची वर्गवारी करण्यात. बायको गेल्यावर एकुलत्या एका मुलीने, सुजाताने, त्यांना इकडे आणलं. २००३ साली ते ग्रीन कार्डावर आले तेव्हा कट्ट्यावर कुणाशी फारसे बोलायचे नाहीत. माझ्याशी मात्र जमलं. कॅरममध्ये ते मला दर वेळी हरवायचे आणि वर म्हणायचे, "मास्तर, तुमचं शिकवणं चांगलं असन, पण नेम काही खरा नाही." इथल्या टपालाचं त्यांना भारी कौतुक. "इथं पोस्टमन घरचं पत्र घेऊनही जाते, मास्तर! पेटीची लाल दांडी वर केली की झालं. आम्ही असं केलं असतं तर लोकांनी पूजा केली असती आमची." सुजाताच्या घरचं टपाल रोज तेच आत आणायचे, तेच लावून ठेवायचे.

त्यांची आणखी एक गोष्ट म्हणजे ते सगळं वाचायचे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, पार्किंगची पाटी, ग्रंथालयाच्या कार्डामागचे नियम. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. एकदा मी थट्टा केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझ्या बापाचा अंगठा घेतला होता एकदा कोऱ्या कागदावर. त्याच्यानंतर आमच्या घरात वाचल्याबिगर कोणी सही करत नाही." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या सप्टेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, ते आयुष्यात पहिल्यांदा चुकणार होतं. फार हिरमुसले होते.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. चौदा फॉर्म सह्या होऊन माझ्या पिशवीत होते आणि पाचच्या आत टपालात पडायला हवे होते. सुजाता आणि जावई कामावर, नात शाळेत. गजभिये खुर्चीत पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसले होते. मी ऐटीत गठ्ठा दाखवला.

"बाप्पा! एवढे? आणि आमचं नाव नाही टाकत काय यादीत? आमच्यावर काही राग आहे का?"

ते थट्टेने म्हणाले. पण डोळे थट्टा करत नव्हते. मी पंधरावा फॉर्म काढला.

इथे मला सावकाश लिहायला हवं.

मी त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख लिहिली. फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बोट तिथेच थांबलं.

"मास्तर, इथं नागरिक म्हणून खूण करून ठेवली आहे तुम्ही. मी तर कार्डवाला. हे चालते काय?"

मला ग्रंथालयातल्या बाईंची पेन्सिल दिसली. अगदी स्पष्ट दिसली. खाली बारीक अक्षरात शिक्षेबद्दल काय छापलंय तेही मला ठाऊक होतं, कारण मी ते वाचलं होतं. नवीन फॉर्म आणायला ग्रंथालयापर्यंत जायला हवं होतं, किंवा, जे खरं होतं ते, फॉर्म फाडून 'गजभिये, तुमचं नाव अजून नाही घालता येणार' असं म्हणायला हवं होतं. घड्याळात साडेचार होऊन गेले होते. मी म्हणालो,

"सगळ्यांचं तसंच आहे. सही करा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खालपर्यंत बोट फिरवत उरलेलं वाचलं आणि सही केली. सुंदर, वळणदार सही. पूर्ण नावाची.

एवढंच झालं. त्यानंतरच्या चार वर्षांत मी स्वतःला सांगत आलो, की घाई होती, अनवधान होतं, आपल्याला नीट माहीत नव्हतं. खोटं आहे. मला माहीत होतं. आणि त्याहून वाईट एक प्रश्न आहे, तो मी इतकी वर्षं दाराबाहेर उभा करून ठेवला होता. कट्ट्यावरच्या एखाद्या निवृत्त इंजिनिअरने, एखाद्या जोशी-कुलकर्ण्याने तीच शंका काढली असती, तर मी तिला अशी झटकून टाकली असती का? की "अरेच्चा, बघू" म्हणून फॉर्म मागे घेतला असता? मास्तराची चूक कुणी दाखवावी, हेही मास्तर मनातल्या मनात ठरवत असतो. मी ठरवलं होतं. हे लिहिताना माझ्याच हाताकडे मी परक्यासारखा बघतो आहे.

गुडघ्यामुळे त्यांना केंद्रावर जाता येणार नव्हतं, म्हणून टपालाने मतपत्रिका मागवायचा अर्जही मीच भरला. ती आली तेव्हा त्यांचा फोन आला. "मास्तर, या. आली."

मी गेलो तर हे दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. काठीच्या आधाराने जेवणाच्या टेबलापर्यंत आले. टेबल पुसून ठेवलेलं. मतपत्रिका काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर जा जी."

"अहो, घरात तर आपण दोघंच."

"गुप्त म्हणजे गुप्त. केंद्राध्यक्ष होते ना तुम्ही? की खुर्चीवर झोपूनच राहत होते?"

मी हसत हसत नातीच्या खोलीतून एक मोठं खोकं आणलं, त्याच्या बाजू कापून टेबलावर आडोसा उभा केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. अंगणात पानांचा खच पडला होता. वरून कॅनडाकडची बदकं कर्कश ओरडत दक्षिणेला चालली होती. आत अर्धा तास शांतता. नंतर हाक आली. पाकिटं चिकटवून, सह्या करून झाली होती. आणि डाव्या हाताची तर्जनी माझ्यापुढे.

"शाई?"

घरात शाई कुठली? नातीच्या दप्तराशेजारी एक निळा मार्कर होता. मी त्यांच्या नखावर आणि वरच्या कातडीवर रीतसर रेघ ओढली. ते बोटाकडे बघत राहिले. "या दसऱ्याले गेलो नाही, पण हे झालं," म्हणाले. मग काठी टेकत टेकत स्वतः टपालपेटीपर्यंत गेले, पाकीट आत ठेवलं आणि लाल दांडी वर केली. सुजाताला काही सांगू नका म्हणाले. मत कुणाला दिलं ते ती खोदून खोदून विचारेल, आणि मग गुप्त ते काय राहिलं?

मी त्या दिवशी घरी आलो तो शीळ घालत आलो. हे आठवलं की मला धक्का बसतो. एका माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती मी, आणि शीळ घालत होतो.

पुढची तीन वर्षं ते दर ऑक्टोबरात नागपूरला जायचे, थंडी संपली की परत यायचे. निवडणुकीचा विषय निघालाच नाही. माझ्या मनात तो फॉर्म कधी कधी हलायचा, झोपलेलं जनावर कूस बदलतं तसा, आणि पुन्हा शांत व्हायचा.

मग या वर्षीचा मे महिना. गजभियेंच्या कार्डाला पाच वर्षं झाली होती आणि सुजाता त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसली होती. शनिवार सकाळ. मी सहज चहाला गेलो होतो. ती लॅपटॉपवर एकेक प्रश्न वाचत होती आणि गजभिये परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून उत्तरं देत होते.

"कधी अटक झाली?"

"नाही."

"कधी दारूचं व्यसन?"

"तुझी आई असती तर तिले विचारलं असतं."

सगळे हसलो. नात, यशू, सोफ्यावर पाय दुमडून वाचत बसली होती, तीही हसली.

"अमेरिकेत कधी मतदार म्हणून नोंदणी केली? कधी मत दिलं?" वाचता वाचताच सुजाताचं बोट 'नाही'वर जात होतं.

"हो लिही," गजभिये म्हणाले.

"बाबा, इथलं विचारतायत. इंडियातलं नाही."

"इथलंच सांगून राहिलो. मागच्या मोठ्या निवडणुकीत. टपालाने."

"आजोबा, यू व्होटेड? सो कूल!" यशू ओरडली.

सुजाता हसली नाही. तिचा चेहरा माझ्यासमोर पांढरा होत गेला. एखाद्या भिंतीवरून ऊन निघून जावं तसा. "बाबा, तुम्ही काय केलंय?" ती इतक्या हळू म्हणाली, की यशूनेही पुस्तक खाली ठेवलं.  मी चहाचा कप दोन्ही हातांनी तोंडापुढे धरला. आठवतंय, त्या क्षणी मी फक्त एवढाच विचार केला, की कुणी माझ्याकडे बघू नये.

वकिलाने जे सांगितलं ते सुजाताने मला फोनवर ऐकवलं. नागरिक नसताना नागरिक म्हणून नोंदणी, वर मतदान. एवढ्यावरून कार्ड काढून घेऊन देशाबाहेर घालवू शकतात. परत यायचा रस्ता बंद. अर्जात 'नाही' लिहिलं तर तो आणखी एक गुन्हा. तसंही गजभिये ते लिहिणार नव्हते. "खोटं लिहून नागरिक होऊ?" असं विचारून त्यांनी तो विषय संपवला होता. एकच वाट होती. फॉर्म दुसऱ्या कुणी भरला असेल आणि त्या माणसाने शपथेवर काय झालं ते लिहून दिलं, तर सगळं उघडपणे मांडून दाद मागता येईल. खात्री नाही, पण आशा.

मी नितीनला, माझ्या मुलाला, अर्धवट सांगितलं. तो गाडी चालवत होता. त्याने ती रस्त्याच्या कडेला घेतली.

"बाबा, लिसन. तुम्ही काहीही साइन करायचं नाही. प्लीज. उद्या तुमच्या सिटिझनशिपवर आलं तर? आईचं काय? तुम्ही फक्त हेल्प केली, दॅट्स इट. तुम्हाला आठवत नाही, असं सांगा."

दोष त्याचा नाही. वाक्य त्याने दिलं, पण ते मला हवंच होतं.

जूनमध्ये सुजाताने निवडणूक कचेरीतून फॉर्मची प्रत मिळवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. गजभियेही बरोबर होते. तिने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, ज्या टेबलावर मी ती खूण केली होती, तिथेच. माझं अक्षर. माझा सात, मध्ये आडवी रेघ मारलेला. प्रत काळी-पांढरी होती, तरी मला ती शाई निळीच दिसत होती.

"काका, हे बाबांचं अक्षर नाहीये. ते म्हणतात, मीच भरला. तेव्हा तुम्ही सगळ्यांचे फॉर्म गोळा करत होता ना? कोणी भरला, काही आठवतं?"

मी चष्मा काढला, पुसला, लावला. "तेव्हा ग्रंथालयात बरेच जण मदतीला असायचे गं. चार वर्षं झाली. नाही आठवत."

हा माझा आवाज आहे, हे मला खरंच वाटेना. वर्गात ज्या आवाजात मी मुलांना 'खरे बोलावे' गिरवायला लावलं, तोच आवाज. आणि गजभिये? ते माझ्यासमोर बसले होते. आयुष्यभर ज्यांनी लाखो पाकिटांवरची अक्षरं ओळखली, त्यांच्यापुढे माझं अक्षर पडलेलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"कशाला काकांना त्रास देते? सही माझी आहे ना? झालं तर मग."

जुलैत त्यांनी ठरवलं. सरकारने काढण्याआधी आपणच जायचं. ऑक्टोबरअखेरचं तिकीट, फक्त जायचं. यशू आठवडाभर कुणाशी बोलली नाही, असं हिच्या कानावर आलं. मी कट्ट्यावर जायचं बंद केलं. पाठ दुखते म्हणायला लागलो. नंतर ती खरंच दुखायला लागली.

परवा, पाकीट येऊन आठवडा झाला असेल, सुजाता मला किराणा दुकानात भेटली. ती नागपूरला बरोबर द्यायला म्हणून काय काय घेत होती. दमलेली दिसत होती. मी तोंड चुकवायच्या आत तिने "काका" म्हटलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग कढीपत्त्याची जुडी हातात फिरवत ती म्हणाली,

"मला त्यांचं जाणं कळतं, काका. ते दुसरं कळत नाही. आख्खं आयुष्य आम्हाला सांगत आले, वाचल्याशिवाय सही नाही. माझ्या पहिल्या जॉबचं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी नागपुरात बसून लाइन बाय लाइन वाचलं होतं. आणि स्वतः? पहिलीच ओळ वाचली नाही. मी त्यांना बोलले तसं, रागाच्या भरात. ते गप्प बसले."

मी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं, गजभियेंनी माझ्यासाठी देश सोडलाय. तेवढं ओझं मी कसंबसं उचलून होतो. पण त्यांनी माझ्यासाठी आणखी काय सोडलं होतं, ते मला त्या कढीपत्त्याच्या वासात कळलं. "वाचली होती" असं ते म्हणाले असते, तर "मग सही का केलीत?" हा पुढचा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर मी होतो.

काल सकाळी नितीनला मी सांगितलं, की मी लिहून देणार. त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. मग "सुजाताकडे मी सोडू का?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, चालत जातो.

फुटपाथवर ओली पानं चिकटून बसली होती, घसरायला होत होतं. सुजाताच्या बैठकीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या, गजभिये स्वेटरच्या घड्या घालत होते. मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं.

"सुजाता, तो फॉर्म मी भरला. ती खूण माझी आहे. पण मी तेवढंच सांगायला आलो नाही. तुझ्या बाबांनी पहिली ओळ वाचली होती. त्यांनी मला विचारलं, मी नागरिक नाही, हे चालतं का? मला ठाऊक होतं की चालत नाही. मी म्हटलं, सगळ्यांचं तसंच आहे, सही करा."

सुजाता एक पाऊल पुढे आली.

"बाबांनी विचारलं होतं?"

"हो."

ती वडिलांकडे वळली. "तुम्ही वाचलं होतं?"

"प्रत्येक ओळ," गजभिये म्हणाले. हातातला स्वेटर तसाच. "खालची बारीक अक्षरं पण."

"मग मी एवढं बोलले तेव्हा…"  ती खाली, बॅगेशेजारी बसली आणि तिने वडिलांच्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी खिशातून कागद काढला. रात्रभर नाही, सकाळी एका बैठकीत लिहिला होता. चार वर्षं तोंडपाठ असलेल्या गोष्टीला किती वेळ लागणार? तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, वकिलाला हा दे, शपथ घ्यायला सांगेल तिथे मी येईन, मला काय व्हायचं ते होऊ दे.

तिने मान वर केली नाही. "काका, तुम्ही आता घरी जा," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी बुटांत पाय घालत होतो तेव्हा गजभिये काठी टेकत दारापर्यंत आले. बाहेर वारा सुटला होता. मला वाटलं, ते काहीतरी थट्टा करतील, माझ्या नेमाबद्दल, नेहमीसारखी. मी जवळजवळ तिची वाट बघत होतो.

"तिकीट अजून ठेवतो," ते म्हणाले. "वकील काय म्हणते पाहू."

"गजभिये, मी…"

"पाच महिने माझी पोरगी मला अडाणी समजून राहिली होती, मास्तर," ते म्हणाले. "आणि तुम्ही पाहून राहिले होते."

मग त्यांनी दार लावून घेतलं. जोरात नाही. नेहमी लावतात तसंच.